खोगीर आणि पाठ यांच्यामध्ये

पाऊण तासाच्या फेरीनंतर या तपकिरी घोडीच्या पाठीवरून आत्ताच खोगीर उतरवले आहे. तिची पाठ घामाने काळपट ओली झाली असून खोगिराखालच्या पॅडच्या कडेपाशी फेसाची बारीक रेघ उमटली आहे. जरा जवळून पाहिले की दोन्ही खांद्यांच्या मागे, तळहाताएवढे दोन डाग दिसतात. ते मळाचे नाहीत आणि जखमेचेही नाहीत. तिथले केस फक्त कोरडे आहेत. आजूबाजूची सगळी कातडी घामेजलेली असताना नेमका तेवढाच भाग कोरडा राहतो, तेव्हा तिथे खोगीर इतके दाबून बसले होते की घामाच्या ग्रंथींना आपले काम करता आले नाही, अशी शंका घ्यावी लागते. कधी कधी खोगीर तिथे टेकतच नसल्यामुळेही केस कोरडे राहतात, म्हणून हात लावून पाहणे आवश्यक असते. मोतद्दाराने, म्हणजे घोडीची देखभाल करणाऱ्याने, त्या जागी दोन बोटे टेकवताच घोडीने कातडी थरथरवली, कान मागे घेतले आणि पाठ खाली दबवली. उत्तर मिळाले.

अशा वेळी बहुतेक स्वारांच्या मनात पहिला विचार येतो तो आणखी जाड, आणखी मऊ पॅड घालण्याचा. तो विचार दयेपोटी येतो आणि पुष्कळदा घोड्याचा त्रास वाढवतो. असे का होते हे समजण्यासाठी खोगिराच्या खाली पाहायला हवे.

खोगिराच्या पोटात कोंबलेल्या केसांना, गवताला आणि लोकरीला मराठीने फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. निरुपयोगी माणसांच्या किंवा मजकुराच्या भरण्याला आपण खोगीरभरती म्हणतो. प्रत्यक्षात स्वाराला बसण्यापुरता लाकडी किंवा धातूचा सांगाडाही चालून जाईल. भरती असते ती घोड्यासाठी. स्वाराचे वजन पाठीला एखाद्या टोकदार ओझ्यासारखे जाणवणार की पसरलेल्या, सोसवणाऱ्या भारासारखे, हे मुख्यतः सांगाड्याचा आकार आणि त्याखालची ही भरती यांच्यावर ठरते.

घोड्याच्या पाठीत साधारणपणे 18 मणके असे असतात, की ज्यांना बरगड्यांच्या 18 जोड्या जोडलेल्या असतात. खोगिराचा भार याच पट्ट्यात, शेवटच्या बरगडीच्या पुढेच राहावा लागतो, कारण त्यामागच्या कमरेच्या मणक्यांना खालून बरगड्यांचा आधार नसतो. या पट्ट्यातसुद्धा भार मणक्यांवर पडून चालत नाही. मणक्यांची वर आलेली टोके आणि पाठीची कातडी यांच्यामध्ये स्नायुबंधाखेरीज फारसे काही नसते. वजन पेलायचे असते ते मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी लांबवर पसरलेल्या जाड स्नायूंनी, आणि गंमत अशी की हे स्नायू ओझे वाहण्यासाठी बनलेलेच नाहीत. त्यांचे काम पाठ हलवण्याचे आणि ती सावरण्याचे आहे. म्हणजे आपण ज्या गादीवर बसतो, ती गादी चालण्याच्या कामात सतत गुंतलेली असते.

आता हे हळू गतीतले दृश्य पाहा. घोडीचा पुढचा डावा पाय जमिनीवरून उचलला जाऊन पुढे जात आहे. आपली नजर स्वाभाविकपणे खुराकडे जाते, पण या क्षणी पाहायचे आहे ते पायाच्या दुसऱ्या टोकाकडे, खवाट्याकडे, म्हणजे खांद्याच्या पसरट हाडाकडे. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय धडाला कोणत्याही हाडाच्या सांध्याने जोडलेले नसून केवळ स्नायूंनी आणि त्यांच्या पडद्यांनी धरलेले असतात, आणि त्यामुळे खवाटा बरगड्यांवरून सरकू शकतो. पाय पुढे जातो तेव्हा खवाट्याचे खालचे टोक पुढे येते आणि वरची कड, जी हाडाची नसून लवचिक कूर्चेची असते, ती मागे फिरते. ती फिरते थेट खोगिराच्या पुढच्या कडेच्या दिशेने. तिथे जागा मोकळी असेल तर पाय पूर्ण लांबीने पडतो. तिथे सांगाड्याचे टोक किंवा पॅडचा दाटलेला थर आड आला, तर घोडा प्रत्येक पावलाला स्वतःलाच अडवत चालतो.

घोडा हे बोलून सांगत नाही, पण लपवूनही ठेवत नाही. पाऊल आखूड पडते, उतारावर तो बिचकतो, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला वळतो, पाठ पोकळ करतो आणि मान वर घेतो. खेदाची गोष्ट अशी की यांतल्या बऱ्याच खुणा स्वभावदोष म्हणून नोंदल्या जातात. खोडकर किंवा आळशी ठरवलेल्या घोड्याच्या खोगिराखाली आधी हात घालून पाहावा, असे आम्हाला हे चित्रीकरण करताना वारंवार वाटले.

दबाव बराच वेळ टिकला की कातडीखाली काय होते, हे सांगायला फार गुंतागुंतीची भाषा लागत नाही. सूक्ष्म केशवाहिन्यांतला रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे 30 मिलिमीटरच्या आसपास असतो. बाहेरचा दाब त्याच्या बराच वर जाऊन तसाच राहिला, तर त्या वाहिन्या दबून बंद होतात आणि त्या भागाला रक्त मिळेनासे होते. त्यात स्वाराचे वजन काही स्थिर राहत नाही. घोडा दुडकी चालीत आला की प्रत्येक पावलाच्या तडाख्याला पाठीवर येणारे बल क्षणभर स्वाराच्या वजनाच्या दुपटीच्या घरात जाते. हे रोज होत राहिले, तर खवाट्यामागचा स्नायू झडून तिथे खळगा पडतो. कातडीतल्या रंगपेशी मेल्या, तर त्या जागी पांढरे केस उगवतात आणि ते बहुधा कायमचे राहतात. काळ्या किंवा तपकिरी घोड्याच्या पाठीवरचे असे पांढरे ठिपके म्हणजे त्याच्या आयुष्यातल्या एखाद्या जुन्या खोगिराची सही असते.

पॅड वजन कमी करत नाही. एवढे एक वाक्य पक्के ध्यानात ठेवले, तर पॅडविषयीचे निम्मे गैरसमज मिटतात. पॅड करू शकते ते इतकेच, की तेच वजन थोड्या मोठ्या क्षेत्रावर पसरवणे, तडाख्याचा कडकपणा थोडा मऊ करणे, घर्षण कमी करणे आणि घाम व उष्णता दूर नेणे. ही चार कामे एकाच वस्तूने उत्तम करावीत असे माणसाला फार पूर्वीपासून वाटत आले आहे, आणि आश्चर्य म्हणजे त्याची जुनी उत्तरे आजही फारशी शिळी झालेली नाहीत.

अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक येथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची थडगी बर्फात गोठून राहिली होती. तिथले उत्खनन 1929 मध्ये सुरू झाले आणि सेर्गेई रुदेंको यांनी 1947 ते 1949 या काळात ते पुढे नेले. मालकाबरोबर पुरलेल्या घोड्यांचा साज त्यांत सापडला, आणि बर्फामुळे लोकर, कातडे, केस अशा सहसा कुजून जाणाऱ्या वस्तूही टिकल्या होत्या. त्या खोगिरांची रचना पाहण्यासारखी आहे: केस आणि गवत भरलेल्या दोन उशा, मणक्यांच्या दोन बाजूंना एकेक, वरून जोडलेल्या, आणि खाली नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, थर. रिकीब, म्हणजे स्वाराने पाय ठेवायची कडी, तेव्हा त्यांना माहीत नव्हती, पण कण्यावर भार टाकायचा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 1859 मध्ये अमेरिकी घोडदळाने स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिरात हाच विचार अधिक उघडपणे दिसतो. त्याच्या बैठकीच्या मधोमध चक्क एक लांब फट ठेवलेली होती आणि त्याखाली घडी घातलेले लोकरी कांबळे असे. मोहिमेवर घोडा रोडावला, तर कांबळ्याची घडी बदलून खोगीर काही प्रमाणात बेतता येई, हा त्या साध्या कांबळ्याचा मोठा गुण होता.

नमदा म्हणजे विणलेले कापड नव्हे. लोकर ओली करून, दाबून, मळून तिचे तंतू एकमेकांत इतके गुंतवले जातात की धागा न काढताच घट्ट थर तयार होतो. हा नमदा घोड्यावरूनच दूर देशी गेला आणि इंग्रजीत खोगिराखालच्या अस्तराला ‘नम्ना’ असे नाव पडले. तिथल्या घोडेस्वारांत तो शब्द आजही रोजच्या वापरात आहे. चांगल्या नमद्याचा तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून दाबून पाहावा. तो आधी थोडा दबतो, मग विरोध करतो, आणि बोटे सोडली की सावकाश आपल्या जाडीला परत येतो. तो विरोधच मोलाचा आहे. जे पॅड चिमटीत धरताच बोटाला बोट लागेपर्यंत दबते, ते स्वाराच्या वजनाखाली असून नसल्यासारखे होते आणि त्याने फक्त जागा अडवलेली राहते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि घामात भिजलेल्या कातडीवरच्या घर्षणाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे ठरते.

मेंढीच्या कातड्याचे पॅड याच कुळातले आहे. त्यातले तंतू कातडीत उभे रोवलेले असतात, त्यामुळे खोगीर किंचित सरकले तरी ते सरकणे तंतूंच्या झुकण्यात जिरते आणि घोड्याचे केस ओढले जात नाहीत. कृत्रिम लव दिसायला तशीच असली तरी काही धुण्यांनंतर तिचे गोळे होतात. फोमची पॅडे हलकी असतात, पण त्यांचा दर्जा फारच निरनिराळा असतो. जेलविषयी आमचे मत थोडे प्रतिकूल आहे. दुकानात हाताने दाबताना ते विलक्षण सुखद वाटते, मात्र जेल आकाराने आकसत नाही, ते एका जागेवरून दुसरीकडे ढकलले जाते. ते जड असते आणि उष्णताही धरून ठेवते. तळहाताला जे सुखाचे वाटते, ते दुडकी चालीत पाठीलाही सुखाचे वाटेलच असे नाही.

आता त्या दोन कोरड्या डागांकडे परत येऊ. या घोडीने गेल्या वर्षभरात अंग धरले आहे. तिची पाठ रुंदावली आहे आणि खोगीर मात्र जुनेच, अरुंद सांगाड्याचे राहिले आहे. पायाला जोडा घट्ट होऊ लागला, की कोणी जाड मोजे घालत नाही. इथे नेमके तेच झाले होते. खोगीर खवाट्यामागे चावते आहे असे दिसल्यावर त्याखाली जाड पॅड आले, त्या पॅडने उरलीसुरली जागाही खाल्ली आणि सांगाड्याची टोके अधिकच घट्ट रुतली. याच्या उलट, खोगीर थोडे रुंद असेल तर योग्य जागी पातळ पट्ट्या बसवलेले पॅड ते सावरू शकते, आणि ज्या तरुण किंवा आजारातून उठलेल्या घोड्याच्या पाठीचा आकार महिन्यामहिन्याला बदलतो, त्याच्यासाठी ही सोय खरोखरच उपयोगाची आहे. सैल खोगीर बेतता येते. घट्ट खोगीर बदलावेच लागते. घट्ट खोगिराखाली कोंबलेले पॅड ही मात्र वाईट अर्थाची खोगीरभरती होय.

पॅड घालण्याची रीतही त्याच्या कापडाइतकीच महत्त्वाची असते. मोतद्दाराचे हात पाहा. त्याने पॅड आधी मानेच्या बाजूला थोडे पुढे ठेवले आणि केसांच्या दिशेने मागे सरकवून जागेवर आणले, म्हणजे खालचे केस उलटे दुमडले जात नाहीत. मग त्यावर खोगीर ठेवले, आणि तंग ओढण्याआधी दोन बोटांनी पॅडची मधली रेघ वर उचलून खोगिराच्या मधल्या पोकळीत तंबूसारखी चढवली. हे करायला दोन सेकंद लागले. ते राहून गेले असते, तर तंग आवळला जाताच पॅड मान आणि पाठ जुळतात त्या उंचवट्यावर ताणून बसले असते आणि पाऊणभर तास तिथल्या हाडाच्या टोकांवर दोरीसारखे ओढत राहिले असते. उंचवट्याचा घाट धरून शिवलेले पॅड सरळ कापलेल्या पॅडपेक्षा बरे, ते याच कारणासाठी.

स्वच्छतेविषयी थोडक्यात सांगायचे तर वाळलेल्या घामाचे मीठ पॅडला खरखरीत करते, न निघालेला साबण कातडीला खाजवतो, आणि एकाचे पॅड दुसऱ्याला घातले की गजकर्णासारखा बुरशीचा रोगही त्याबरोबर जातो. फेरी संपल्यावर तंग सैल करून खोगीर काही मिनिटे तसेच पाठीवर राहू द्यावे, ही घोडदळातली जुनी सवयही अर्थपूर्ण आहे, कारण दबलेल्या वाहिन्यांत रक्त एकदम न धावता हळूहळू परत येते.

काही दिवसांनी आम्ही पुन्हा त्याच वाटेवर, त्याच घोडीचे आणि त्याच स्वाराचे चित्रण केले. आता खोगीर रुंद सांगाड्याचे आहे आणि जाड पॅडच्या जागी नमद्याचा एकच पातळ थर आहे. दोन्ही दृश्ये शेजारी ठेवली असता पुढच्या पायाचे पाऊल लांब पडताना दिसते आणि दुडकीत मान खाली, पुढे ताणलेली राहते. खवाट्यामागचे खळगे अजून आहेत. झडलेला स्नायू भरून यायला काही महिने जातील.

तंग सैल होतो. थोड्या वेळाने मोतद्दार खोगीर आणि नमदा एकदमच सरळ वर उचलतो. पाठ दोन्ही अंगांनी एकसारखी ओली आहे आणि खांद्यांमागचे ते दोन डाग आज नाहीत. मधोमध, मणक्यांच्या रेषेवर, पुढून मागेपर्यंत दोन-तीन बोटे रुंदीची एक सरळ कोरडी पट्टी आहे. तो तिच्यावरून बोट फिरवतो आणि घोडी तशीच शांत उभी राहते.