वुपर: रंगाची नदी आणि तिच्यावर लटकणारी ट्रेन

ही वुपर. पश्चिम जर्मनीतली साधारण ११५ किलोमीटरची नदी, लेव्हरकूझेनला ऱ्हाइनमध्ये शिरते आणि संपली. नकाशात शोधावी लागते, पण काठावरचे उद्योग बघा.

हिचं पाणी मऊ, चुना फारसा नाही, त्यामुळे सूत धुवायला एक नंबर. १५२७ मध्ये इथल्या ड्यूकने एल्बरफेल्ड आणि बार्मेन या दोन गावांना सूत ब्लीच करायची मक्तेदारीच देऊन टाकली. ब्लीच म्हणजे तेव्हा केमिकल वगैरे नाही, काठच्या कुरणावर सूत पसरायचं, त्यावर नदीचं पाणी मारायचं, उन्हात ठेवायचं, परत पाणी, परत ऊन, आणि तेही जर्मनीतल्या उन्हात, म्हणजे किती दिवस लागत असतील विचार करा.

मग रंगारी आले. मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून गडद तुर्की लाल बनायचा आणि उरलेलं पाणी सरळ नदीत. १८३९ मध्ये बार्मेनच्याच एका कारखानदाराच्या अठरा वर्षांच्या पोराने हॅम्बुर्गच्या पेपरात टोपणनावाने लिहिलं, की नदी लाल दिसते ती लढाईच्या रक्ताने नव्हे, रंगाच्या कारखान्यांमुळे. हा पोरगा म्हणजे फ्रीडरिश एंगल्स. हो, मार्क्सवाले एंगल्स! घरचाच धंदा कापडाचा, तरी सोडलं नाही.

१८६३ मध्ये बार्मेनलाच एक रंगांचा व्यापारी आणि एक रंगारी यांनी मिळून कंपनी काढली, तीच आजची औषधांची कंपनी बायर. ॲस्पिरिनसुद्धा १८९७ मध्ये तिच्याच एल्बरफेल्डच्या लॅबमधली.

गर्दी वाढली, दरी अरुंद, ट्रामला जागा कुठून आणणार? मग नदीच्या डोक्यावरच ट्रेन टाकली. दोन्ही काठांवर तिरके लोखंडी पाय, वर रूळ, खाली लटकणारे डबे. १९०१ पासून चालू आहे, १३.३ किलोमीटरपैकी जवळजवळ १० नदीवरून, आणि लोक आजही तिनेच ऑफिसला जातात.

आता टुफी. १९५० च्या जुलैमध्ये एका सर्कसवाल्याने जाहिरातीसाठी टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू या ट्रेनमध्ये चढवलं, डब्यात पत्रकार खच्चून भरलेले, पिल्लू बिथरलं आणि डब्याची बाजू फोडून थेट नदीत! किरकोळ खरचटलं, बाकी ठणठणीत. सर्कसवाल्याला दंड झाला. एवढे पत्रकार असून उडीचा फोटो मात्र एकालाही मिळाला नाही, पोस्टकार्डावर दिसतो तो जोडून बनवलेला आहे.