सुझुकी नव्हे, इचिरो

टोकियो, २१ मार्च २०१९. रात्रीचे बारा वाजायला आलेत. मॅच कधीच संपली, शहाणी माणसं घरी जाऊन झोपलीसुद्धा असतील, पण इथे एका हॉलमध्ये पत्रकार खचाखच भरलेत, मागे कॅमेऱ्यांची नुसती भिंत. आणि मग एक सडपातळ माणूस आत येतो, वय ४५, समोर एक नजर टाकतो आणि म्हणतो काय, तर अरे, एवढे जण आहात? मी तर चाटच पडलो.

हा इचिरो सुझुकी. थोड्या वेळापूर्वीच त्याने बेसबॉल सोडलाय. सोडला म्हणजे आठव्या इनिंगमध्ये त्याला मैदानातून परत बोलावलं, अख्खं टोकियो डोम उभं राहिलं, तो एकेकाला मिठी मारत डगआऊटमध्ये, म्हणजे खेळाडू बसतात तिथे, गेला, त्याच्याच टीमचा कोवळा पिचर (आपल्या भाषेत बॉलर) युसेई किकुची तर ढसाढसा रडला. मॅच संपल्यावरही लोकं खुर्च्या सोडेनात म्हणून याला परत बाहेर यावं लागलं. आणि एवढं सगळं झाल्यावर हा पत्रकारांपुढे बसला ते ८५ मिनिटं. शेवटी म्हणाला, आज तुम्ही थकेपर्यंत बसायचा विचार होता, पण आता मला भूक लागली.

आता गंमत अशी की पत्रकारांपासून चार हात लांब राहणारा माणूस म्हणूनच हा आयुष्यभर ओळखला गेला. मग त्या रात्री हा एवढं बोलला कसा? त्यासाठी जरा मागे जाऊया.

आधी नावाचं बघू. सुझुकी म्हटलं की आपल्याला गाडी आठवते, पण जपानमध्ये हे आडनाव पैशाला पासरी, आपल्याकडे पाटील किंवा जाधव म्हणावं तसं. १९९४ ला ओरिक्स ब्लूवेव्ह टीमला आकिरा ओगी नावाचा नवा मॅनेजर आला, त्याने ठरवलं की या पोराच्या पाठीवर आडनाव नको, नुसतं इचिरो लिहायचं. त्याच वर्षी पोराने २१० हिट्स मारल्या (हिट म्हणजे बॉल असा मारायचा की आऊट न होता पुढे पोचता येईल), जपानी लीगमध्ये एका सीझनला दोनशेचा आकडा तोवर कुणी गाठला नव्हता. झालं, नाव घराघरात. पुढची सलग सात वर्षं, १९९४ ते २०००, त्याच्या लीगचं बॅटिंगचं टायटल दुसऱ्या कुणाला मिळालंच नाही.

पण त्याआधीची दोन वर्षं हाच पोरगा खालच्या टीमला धूळ खात होता, आणि हे लोकं विसरतात. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याचं नाव आलं चौथ्या फेरीत, का तर अंगाने काटकुळा. बॅटिंग करताना पुढचा पाय घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा, तेव्हाच्या कोचमंडळींना ते बघवायचं नाही, त्यांनी सांगितलं ही स्टाइल बदल. हा नाही म्हणाला. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, तोही जपानसारख्या ठिकाणी जिथे वरच्याने सांगितलं की मान खाली घालायची, आणि हा नाही म्हणतो! म्हणून मग खालच्या टीमला.

या हट्टाचं मूळ नागोयाजवळच्या तोयोयामा गावात आहे. वडील रोज सराव घ्यायचे, शाळा सुटली की मैदान आणि संध्याकाळी विमानतळाजवळचं बॅटिंग सेंटर. तिथल्या मशीनचे बॉल याला हळू वाटायला लागले तेव्हा हा पुढे सरकून उभा राहायला लागला. बॉल उजव्या हाताने टाकायचा पण बॅटिंग डावखुरी, कारण बॉल मारून जिथे पळत पोचायचं त्या पहिल्या बेसच्या डावरा बॅटर दोन पावलं जवळ उभा असतो. सहावीत त्याने शाळेत निबंध लिहिला, माझं स्वप्न. पोरं अशा निबंधात काय लिहितात ते आपल्याला माहितीये. याने हिशोब लिहिला. तिसरीपासून वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी ३६० दिवस मी कडक प्रॅक्टिस करतो, मित्रांबरोबर खेळायला आठवड्याला पाच-सहा तास मिळतात, एवढं केल्यावर मी नक्की प्रो होणार, आणि सह्या करताना मला दहा कोटी येनच्या वर पैसे मिळाले पाहिजेत. सहावीतलं पोर हो!

यावर दोन मतं असू शकतात, आणि मलाही ते ३६० दिवस वाचून कौतुकाच्या आधी थोडं कसंतरीच झालं. नंतर त्याने स्वतःच सांगितलंय की आजूबाजूचे लोक हसायचे, रोज रोज प्रॅक्टिस करतो, हा काय प्रो होणार का म्हणून. ते हसणं तो विसरला नाही. पुढे अमेरिकेत जाऊन लीगमध्ये पहिला येईन म्हणाला तेव्हाही हसले.

अमेरिकेत गेला तेव्हा वय २७. सिअ‍ॅटल मरिनर्सने त्याच्याशी नुसती बोलणी करायचा हक्क मिळावा म्हणून ओरिक्सला १ कोटी ३१ लाख डॉलर मोजले. आणि तिकडचे जाणकार काय म्हणत होते? की जपानमध्ये ठीक आहे, इथले पिचर त्याच्या हातातली बॅट उडवतील. उंची पाच फूट अकरा, वजन सत्त्याहत्तर किलो, आणि तो काळ कसला, तर फुगलेल्या दंडांचा, आधीच्या तीन वर्षांत होमरनचे (होमरन म्हणजे आपला सिक्सरच) रेकॉर्ड धडाधड पडत होते आणि त्यातल्या बऱ्याच दंडांमागे इंजेक्शनं होती हे नंतर बाहेर आलं.

त्यात हा आला आणि होमरन मारेचना. बॉल हळूच मोकळ्या जागेत ढकलायचा नाहीतर जमिनीवर आपटायचा आणि सुसाट धावत सुटायचा. क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, बेसबॉलमध्ये बॅट बॉलला लागली आणि तुम्ही बॉलच्या आधी पहिल्या बेसला पोचलात की हिट. हा मारतानाच पळायला लागलेला असायचा. मॅनेजर लू पिनिएला वैतागला, सराव मॅचमध्ये म्हणाला, अरे तू उजव्या बाजूला जोरात मारू शकतोस की नाही? याने पुढच्या वेळी जाऊन बॉल थेट बाहेर घालवला, डगआऊटमध्ये येऊन विचारलं, आता खूश? आणि परत आपला ढकलायला लागला.

त्या पहिल्याच सीझनला, २००१ ला, २४२ हिट्स. सर्वोत्तम नवा खेळाडू तोच आणि लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू पण तोच, हे त्याच्याआधी फक्त फ्रेड लिनला जमलं होतं १९७५ मध्ये. टीमने ११६ मॅच जिंकल्या. तिथपासून सलग दहा वर्षं दोनशेच्या वर हिट्स. आणि होमरन का मारत नाहीस असं कुणी विचारलं की तो साधारण असं सांगायचा, की ताकदीने पोरींना भुलवण्यापेक्षा मी कसबाने भुलवीन, जवळच्या जवळ मारून बेस गाठण्यात जी नजाकत आहे ती होमरनमध्ये नाही.

आता पत्रकार. जपानी पत्रकारांचा एक जथ्थाच्या जथ्था त्याच्यामागे सिअ‍ॅटलला गेला होता. रोज, म्हणजे अक्षरशः रोज, एकाच माणसावर बातमी. त्याने काय खाल्लं, बूट कुठले घातले, आज हसला का. लग्नसुद्धा त्याने १९९९ ला जपान सोडून लॉस एंजेलिसला जाऊन केलं. तो बोलायचा तेव्हा जपून, मधे मोठमोठे पॉज, आणि गुळमुळीत प्रश्न विचारला तर गुळमुळीत उत्तरसुद्धा मिळेल याची खात्री नाही. अमेरिकन पत्रकारांशी कायम दुभाषा घेऊन. लोकांना वाटायचं याला इंग्रजी येत नाही. येत होतं की! टीममधल्यांना विचारा. ऑल-स्टार मॅचच्या, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मॅचच्या, आधी ड्रेसिंग रूममध्ये तो जे इंग्रजी भाषण ठोकायचा ते इथे ऐकवता येणार नाही एवढं शिवराळ, डेव्हिड ऑर्टिझसारखे धिप्पाड गडी हसून हसून लोळायचे. स्पॅनिश खेळाडूंना बेसवर उभा राहून स्पॅनिशमध्ये डिवचायचा. पण मीडियासमोर जपानीच, कारण स्वतःच्या भाषेत जे नेमकं म्हणायचंय तेच छापून आलं पाहिजे, अर्धवट इंग्रजीत अर्धवट विचार नको. मला हे अहंकाराचं लक्षण वाटत नाही, उलट हा माणूस शब्दाला बॅटीइतकाच जपत होता असं वाटतं. आणि बॅट कशी जपायचा? ओलावा लागू नये म्हणून खास पेटीत ठेवायचा.

प्रसिद्धीचंही तेच. जपान सरकारचा एक मोठा सन्मान आहे, पीपल्स ऑनर अवॉर्ड. २००१ ला देऊ केला, हा म्हणाला मी अजून लहान आहे. २००४ ला परत विचारलं, तेव्हाही नको. २०१९ ला रिटायर झाल्यावर तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, आयुष्याचा पडदा पडेल तेव्हा मिळावा असा वागायचा प्रयत्न करीन. सरकारला तीनदा नाही म्हणणं, तेही इतक्या अदबीने की कुणाला रागसुद्धा येऊ नये, हे पण कसबच.

पण जिथे मनापासून मान द्यायचा तिथे तो स्वतःहून गेला. एका सीझनमध्ये सर्वात जास्त हिट्सचा रेकॉर्ड जॉर्ज सिस्लरचा होता, २५७, सन १९२०. ८४ वर्षं कुणी हात लावला नव्हता. २००४ ला इचिरोने तो मोडला, २६२ वर नेला. सिस्लरची मुलगी तेव्हा एक्याऐंशी वर्षांची, स्टेडियममध्ये बसली होती. रेकॉर्ड मोडल्यावर इचिरो कुंपणाजवळ गेला, तिच्याशी आणि घरच्यांशी हात मिळवला. २००९ ला ऑल-स्टार मॅच सेंट लुईसला होती तर तिथे सिस्लरच्या कबरीवर बायकोला घेऊन फुलं ठेवून आला.

स्वतःचा रेकॉर्ड मोजायची वेळ आली की मात्र वाद. जून २०१६ ला जपान आणि अमेरिका मिळून त्याच्या ४२५७ हिट्स झाल्या, अमेरिकेत सर्वात जास्त हिट्स मारणाऱ्या पीट रोझच्या ४२५६ होत्या. रोझ भडकला, म्हणाला हे मला हिट किंगची हिट क्वीन करायला निघालेत, उद्या शाळेतल्या हिट्स पण मोजाल. खरं सांगायचं तर रोझचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, लीग वेगळी, पिचर वेगळे, आणि नुसत्या अमेरिकेतल्या धरल्या तर इचिरोच्या शेवटी ३०८९ भरल्या. इचिरो त्या भांडणात उतरलाच नाही, उलट लहानपणी हसणाऱ्यांची आठवण काढली, की ज्या ज्या गोष्टीला लोकं हसले ती मी करत आलो एवढा अभिमान मला आहे.

आणि टॅलेंटबद्दल विचाराल तर त्याच्या आधी, २०१३ ला, चार हजारावी हिट झाली त्या रात्री तो जे बोलला ते बघा. सगळे पत्रकार चार हजारचं विचारतायत आणि हा सांगतोय उरलेल्याचं. चार हजार हिट्स मारायला मला आठ हजारपेक्षा जास्त वेळा हात चोळत परत यावं लागलं, आणि प्रत्येक वेळी मी त्याला माझ्या परीने तोंड दिलं, मिरवायचंच असेल तर ते मिरवीन. आठ हजार! म्हणजे ज्याला आपण जन्मजात देणगी म्हणून मोकळे होतो तो माणूस स्वतः मनात मोजत बसलाय ते आऊट.

तर परत टोकियोतली ती रात्र. कुणीतरी मेहनतीबद्दल विचारलं. तो म्हणाला दुसऱ्यापेक्षा जास्त मेहनत करणं मला कधी जमलंच नाही, ते कुणालाच जमत नाही, मोजपट्टी आपल्या आत असते, त्या पट्टीने आपली हद्द बघायची आणि जरासं पुढे जायचं, परत जरासं. पश्चात्ताप आहे का, तर आज जे बघायला मिळालं त्यानंतर तो असेलच कसा. उद्या काय करणार, तर बहुतेक प्रॅक्टिस. अमेरिकेत परका झालो म्हणून दुसऱ्याच्या मनाचा विचार करायला, दुसऱ्याचं दुःख ओळखायला शिकलो, हेही तो त्याच रात्री बोलला. बोलता बोलता बायकोचा विषय निघाला. घरच्या मैदानावर मॅच असली की ती भाताचे गोळे करून द्यायची, ओनिगिरी म्हणतात त्याला. ते २८०० च्या आसपास झाले होते. तिला तीन हजार करायचे होते, म्हणाला, तेवढे करू द्यायला हवे होते. मधेच थांबून समोरच्यांना विचारतो, मी काहीतरी विचित्र बोलतोय का?

मला वाटतं त्या रात्री पत्रकारांनाही पहिल्यांदा कळलं की हा इतकी वर्षं आपल्याला टाळत नव्हता, प्रश्न नीट विचारा म्हणून अडून बसला होता.

जानेवारी २०२५. हॉल ऑफ फेमचं, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या यादीत कुणाला घ्यायचं याचं मतदान, मत देतात बेसबॉलचे पत्रकारच. ३९४ पैकी ३९३ मतं इचिरोला, एकाने दिलं नाही. कोण ते आजपर्यंत बाहेर आलेलं नाही. अख्खं इंटरनेट त्या एकाला शोधत फिरतंय आणि हा काय म्हणाला? की एक मत कमी पडलं ते बरंच झालं, माणूस अपुराच असतो, म्हणून तर पुढे चालत राहतो. आणि हो, त्या पत्रकाराला मी घरी बोलवीन, बसून दोन घोट पिऊ.

मग २७ जुलै, कूपर्सटाऊन, हॉल ऑफ फेमचा सोहळा. समोर हजारो लोक, मागे जुने दिग्गज, आणि इचिरो माइकपाशी येतो, दुभाषा नाही. एकोणीस मिनिटं इंग्रजीत. तुम्ही बोलावलं तेव्हा तुमचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं असं आपल्या जुन्या मायामी टीमला म्हणतो, लोकं हसून बेजार. तीन हजार हिट्स, एका सीझनला २६२, पत्रकारांनी याची दखल घेतली म्हणतो. थांबतो. म्हणजे, एक सोडून सगळ्यांनी. परत थांबतो, तोच जुना मोठा पॉज. आणि मग शांतपणे सांगतो, त्या पत्रकाराला मी घरी जेवायला बोलावलं होतं ना, त्या आमंत्रणाची मुदत आता संपली.