मणी, माती आणि तंगूस : मराठवाड्यातील घरगुती दागिन्यांविषयी

(दृश्य : तेर येथील संग्रहालयातील काचेची पेटी. कॅमेरा मण्यांवरून सावकाश सरकतो.)

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तेथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे मणी मांडून ठेवलेले आहेत. त्यांत काचेचे, रंगीत खड्यांचे, शंखाचे आणि साध्या भाजलेल्या मातीचेही मणी आहेत. ते ज्या दोऱ्यात ओवलेले होते तो दोरा मात्र केव्हाच कुजून गेला आहे. घरी बसून दागिने करणाऱ्या बाईला या पेटीसमोर उभे केले, तर तिला यात नवल वाटणार नाही, कारण दागिना दगा देतो तो दोऱ्यात, कडीत आणि गाठीत, हा तिचा रोजचा अनुभव असतो. स्वस्त दागिना आणि टाकाऊ दागिना यांतील फरकही तिथेच पडतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी वृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन्ही पेठांचा उल्लेख आहे. पैठणहून ऑनिक्स नावाचा पट्टेदार दगड आणि तेरहून कापड भडोचच्या बंदरात जात असे, असे त्यात नोंदवलेले आहे. हे खडे आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणातच तयार होतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हारस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचत गेली आणि त्यातून अकीकासारखे दगड घडले. ज्यांना हे खडे परवडत नसत त्यांच्यासाठी कुंभाराने मातीचे मणी केले. सातवाहनकाळातील स्थळांवर सुपारीच्या आकाराचे असे मणी आढळतात. तेव्हा महाग दागिन्याच्या शेजारीच स्वस्त दागिना घडणे, ही मराठवाड्यात मुळीच नवी गोष्ट नाही.

(दृश्य : परभणीतील एक घर. ओसरीवर सतरंजी, तिच्यावर मण्यांचे डबे.)

आज या कामाला जोर आला आहे तो सोन्याच्या भावामुळे. २०२५ मध्ये १० ग्रॅम सोन्याचा भाव १ लाख रुपयांच्या पुढे गेला, आणि लग्नात एखादाच खरा दागिना घालून बाकीचे एक ग्रॅमचे, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले, किंवा बेंटेक्सचे नकली दागिने घालण्याची रीत, जी पूर्वी थोडी लपवली जात असे, ती आता उघडपणे पाळली जाते. बाजारातील तयार माल बहुधा साच्यातून निघालेला असतो आणि एकाच मांडवात तीन जणींच्या गळ्यात एकच हार दिसतो. साडीच्या काठाशी रंग जुळवून, गळ्याच्या मापाने केलेला हार हवा असेल तर घरी दागिने करणाऱ्या बाईकडेच जावे लागते.

तिचे भांडवल थोडे असते. गोल तोंडाची एक छोटी पक्कड, एक सपाट तोंडाची पक्कड, तार कापायचा कटर, कैची, बारीक सुया, कानस आणि डिंकाची बाटली एवढ्यावर काम सुरू होते. कच्चा माल जवळच्या शहरातून येतो. छत्रपती संभाजीनगरमध्ये गुलमंडीच्या परिसरात मणी, लेस आणि गोंडे मिळतात, घाऊक माल मुंबईच्या भुलेश्वर भागातून मागवला जातो, आणि नांदेड-लातूरकडच्या अनेक जणी बांगड्या व खड्यांसाठी हैदराबादला चारमिनारजवळच्या लाड बाजारात जातात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. राज्ये बदलली तरी बाजारहाटाची ती वाट मोडलेली नाही.

(दृश्य : हातांचे जवळून चित्रण. तंगुसात मणी ओवले जात आहेत.)

आता काम जवळून पाहू. मोत्यांच्या तीनपदरी माळेसाठी तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक, गुळगुळीत दोरा घेतला आहे. हाराच्या लांबीपेक्षा प्रत्येक पदर वीतभर जास्त कापला आहे, कारण गाठीसाठी दोरा कमी पडला तर सगळे ओवणे वाया जाते. मणी ओवून झाले की नवशिकी बाई दोरा खेचून घट्ट करते, आणि त्यामुळे माळ गळ्यावर पडत नाही, काथ्याच्या वळासारखी ताठ उभी राहते. हात बसलेली बाई शेवटी एखाददुसऱ्या मण्याएवढी ढील ठेवते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील अप्सरेचे चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल, की ती झेपावत असताना तिच्या गळ्यातील दागिने एका बाजूला कललेले आहेत. रंगवणाऱ्याला दागिन्याचे वजन आणि त्याचे हलणे दोन्ही ठाऊक होते. घरी केलेल्या माळेलाही तसे हलता आले पाहिजे.

तीन पदर एकत्र येतात तेथे एक बारीक धातूचा मणी घालून तो पक्कडीने चेपला जातो. तंगुसाची नुसती गाठ गुळगुळीतपणामुळे सुटते, म्हणून गाठ मारून तिच्यावर डिंकाचा एक थेंब सोडावा लागतो आणि उरलेले टोक मागे चार-पाच मण्यांतून परत ओवून मगच कापावे लागते. या शेवटच्या गोष्टीचा बहुतेक जणी कंटाळा करतात. तुटलेल्या माळा दुरुस्तीला येतात त्यांतील बहुतांश माळांची टोके गाठीपाशीच कापलेली असतात.

कडीचेही असेच आहे. दोन भाग जोडणारी बारीक गोल कडी उघडताना तिची दोन्ही टोके बाजूंना फाकवायची नसतात. एक टोक आपल्याकडे आणि दुसरे पलीकडे असे किंचित वळवून ती उघडायची आणि त्याच वाटेने परत आणून मिटवायची. फाकवलेली कडी पुन्हा पूर्ण गोल होत नाही, तिच्यात केसाएवढी फट राहते, आणि त्या फटीतून एके दिवशी लोलक निसटतो. पक्कडीची ही वळणे नीट यायला लागली की कानातले, पैंजण आणि ब्रेसलेट यांचे निम्मे काम शिकून होते.

कानातल्याच्या हुकाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. स्वस्त हुकांच्या धातूत पुष्कळदा निकेल असते आणि ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांचा कान खाजतो, चिघळतो. युरोपीय संघाने १९९४ साली त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंमधील निकेलवर मर्यादा घातली ती याच कारणासाठी. वरच्या झुमक्यावर खर्च करून खाली सर्वांत स्वस्त हुक लावणे हे आपल्याकडे सर्रास चालते आणि ते अजिबात बरोबर नाही. स्टीलचा चांगला हुक थोडा महाग पडतो. तेवढी किंमत वाढवून लावावी.

(दृश्य : रेशमी धाग्याच्या बांगड्या, नंतर कापडाचे दागिने.)

रेशमी धाग्याच्या बांगड्या सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे त्यांवर फार बोलण्याचे कारण नाही. प्लास्टिकच्या बांगडीवर धाग्याच्या एकत्र केलेल्या पदरांचे वेढे एकाशेजारी एक, वर न चढवता बसवायचे, डिंक पातळ लावायचा आणि वर कुंदन किंवा मण्यांची साखळी चिकटवायची. कापडाच्या दागिन्यांत मात्र करण्यासारखे पुष्कळ आहे. शिंप्याकडे उरलेल्या खणाच्या चिंध्या, हिमरूचे तुकडे, जुन्या पैठणीचा विरलेला काठ यांपासून पदके आणि कानातले होतात. आत जाड पुठ्ठा किंवा बकरम, वर कापड, कडेने सोनेरी दोरी आणि मागच्या बाजूला शिवण झाकणारे अस्तर, अशी त्यांची रचना असते. अस्तर न लावलेले पदक घामाने लवकर खराब होते. ‘पैठणीचे दागिने’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वस्तूंमधील काठ यंत्रमागावरचा असतो. त्यात गैर काही नाही, पण ते गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे.

आणखी एक अडचण आपल्या हवेची आहे. गरम करून लावायचा गनचा डिंक झटपट बसतो म्हणून तो लोकप्रिय आहे. परंतु मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत उष्णता त्याहून कितीतरी जास्त होते, आणि हा डिंक मऊ पडून खडे सरकतात. लग्नसराई नेमकी त्याच दिवसांत असते. म्हणून वजनाचा प्रत्येक भाग शिवून किंवा तारेने बांधून घ्यावा आणि डिंक फक्त शोभेच्या खड्यांपुरता वापरावा.

(दृश्य : ओल्या मातीचे मणी, सावलीत वाळत ठेवलेले.)

मातीचे दागिने करताना पहिला प्रश्न मातीचाच येतो. आपली काळी माती कापसाला मानवते, दागिन्याला मानवत नाही. ती पाण्याने फुगते, वाळताना आक्रसते आणि उन्हाळ्यात शेताला जशा भेगा पडतात तशाच भेगा मण्यालाही पडतात. त्यामुळे कुंभाराकडून मळून तयार केलेली माती आणणे किंवा टेराकोटाची तयार माती विकत घेणे श्रेयस्कर ठरते. मण्याचे भोक हवे त्यापेक्षा थोडे मोठे पाडावे, कारण वाळताना आणि भाजताना ते लहान होते. वाळवण सावलीत करावे. वारा कोरडा असेल तर वर ओलसर फडके टाकावे, म्हणजे बाहेरचा थर आतल्या थराच्या आधी वाळत नाही.

भाजण्याबाबत गैरसमज फार आहेत. स्वयंपाकघरातील ओव्हन साधारण २५० अंशांपर्यंत तापतो आणि त्यात माती केवळ कोरडी होते. मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी सुटण्यासाठी ५०० ते ६०० अंशांच्या वर जावे लागते. त्यानंतरच ती माती पाण्यात पुन्हा विरघळत नाही. गोवऱ्या आणि भुसा यांच्या छोट्या भट्टीत हे साधते, मात्र सुरुवातीची आच मंद हवी, नाहीतर आत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होऊन मणी फुटतात. भट्टीत हवा खेळती राहिली तर मातीतील लोहामुळे मणी तांबडे होतात, आणि शेवटी भट्टी झाकून धूर कोंडला तर तेच मणी काळे निघतात. त्यासाठी वेगळा रंग विकत घ्यावा लागत नाही.

(दृश्य : पोळ्याचा बाजार, नंतर तुळजापूर, नंतर संक्रांतीची तयारी.)

ही कला शिकवण्यासाठी अलीकडे वर्ग भरतात, पण हातांना तिची सवय घराघरांत आधीपासून आहे. पोळ्याच्या आधी बैलांसाठी रंगीत सुताचे गोंडे आणि कवड्यांचे गळपट्टे करणारे हात घरचेच असतात. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातील कवड्यांची माळ आजही हाताने ओवली जाते, आणि बंजारा तांड्यांवरील स्त्रिया कापडावर आरसे, कवड्या आणि नाणी टाकून जे भरतकाम करतात, त्याच्या बारीक टाक्यापुढे शहरातील पुष्कळ कारागिरी फिकी पडते. भाद्रपदात घरोघर महालक्ष्म्या उभ्या राहतात तेव्हा त्यांच्या अंगावरील मोत्यांचे सर, बाजूबंद आणि मुकुट सासू-सुना मिळून नव्याने ओवतात.

सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत जास्त चिकाटीचे दागिने मात्र हलव्याचे. खसखस, तीळ किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद आचेवर ठेवतात, साखरेचा पाक चमच्याने थोडा थोडा सोडतात आणि बोटांनी दाणे सारखे हलवत राहतात. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात आणि आच वाढली की पाक पिवळा पडतो. असे काही दिवस चालते आणि मग दाण्यावर हळूहळू काटा उमटतो. हे दाणे गुंफून नव्या नवरीसाठी हार, बांगड्या आणि बिंदी, तर बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरी तयार होते. पौषातील कोरडी थंडी या कामाला फार अनुकूल असते.

(दृश्य : वहीतील हिशेब, नंतर बचत गटाचे विक्री दालन.)

करणे जमले तरी विकणे वेगळे आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून काम करत आहे. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामुळे बचत गटांचे जाळे गावोगाव पोहोचले आहे, आणि ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत गटांना विक्रीसाठी जागा मिळते. परंतु हिशेबाची वही उघडली की बहुतेक ठिकाणी एक रकाना कोराच दिसतो, आणि तो असतो स्वतःच्या मजुरीचा. समजा, एका हाराला ६० रुपयांचे सामान लागले आणि तो करायला तीन तास गेले. तासाला ५० रुपये धरले तरी मजुरी १५० रुपये होते, डबी आणि येण्याजाण्याचा खर्च २० रुपये धरला, तर हार २३० रुपयांना घरातच पडतो. तोच हार ‘सामान साठाचे, दिला दीडशेला’ म्हणून विकला जातो आणि त्याला नफा म्हटले जाते. दुकानात ठेवायला दिला तर दुकानदाराचे कमिशन वेगळे, आणि न विकलेला माल महिन्यांनी परत येतो तो साखळी काळी पडून.

म्हणून या धंद्यात टिकलेल्या बायका दोन नियम पाळतात. साडीच्या रंगाशी जुळवून करायच्या संचाची निम्मी रक्कम त्या कापडाचा तुकडा हातात घेतानाच मागून घेतात, कारण एका काठासाठी केलेला संच दुसऱ्या साडीवर सहसा चालत नाही. आणि तुटलेली माळ पुन्हा ओवून देण्याचे पैसे, माळ आपण केलेली असो वा बाजारातून आणलेली, त्या आधी सांगून घेतात. लग्नाच्या हंगामात काही जणींना नव्या मालापेक्षा या ओवणीचेच काम जास्त असते.