कॉटपासून स्वच्छतागृहापर्यंत

[दृश्य: रात्रीचा वॉर्ड, मंद दिवे]

पहाटेचे पावणेचार वाजले आहेत. खिडकीजवळच्या कॉटवरील आजींना जाग आली आहे आणि त्यांना लघवीला जायचे आहे. कॉल बेलची वायर उशीमागे गेली आहे, चष्मा कपाटावर आहे आणि संध्याकाळी फरशी पुसताना कोणीतरी चपला कॉटखाली आत सरकवून ठेवल्या आहेत. समोरच स्वच्छतागृहाचे दार दिसते, अंतर जेमतेम दहा-बारा पावलांचे आहे. एवढ्याशा कामासाठी सिस्टरला कशाला त्रास द्यायचा, असे म्हणत त्या पांघरूण बाजूला करतात.

हा प्रसंग चित्रणासाठी उभा केलेला आहे. प्रत्यक्ष पडताना कोणी आमच्या कॅमेऱ्यात सापडले नाही, कारण रुग्णालयात वृद्ध रुग्ण बहुतेक वेळा कोणाच्याही देखत पडत नाहीत.

[दृश्य: रक्तदाब मोजणारी परिचारिका, दंडावरचा पट्टा]

आडवा असलेला माणूस उभा राहिला की अर्धा लीटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाचे ठोके वाढवून क्षणात ही तूट भरून काढते. वृद्ध शरीराला मात्र त्यासाठी वेळ लागतो; त्यात कित्येक दिवसांचे अंथरूण, कमी झालेले पाणी आणि रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा झोपेच्या गोळ्या असतील, तर डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणूनच ही परिचारिका आजींना आधी पाच मिनिटे पडून राहायला सांगते, रक्तदाब मोजते, मग आधार देऊन उभे करते आणि पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजते. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो धोक्याचा इशारा मानतात. येथे वरचा आकडा १३८ वरून ११२ वर आला आहे. “आजी, घाई करू नका. आधी कडेला बसा, पाय हलवा, मग उठू,” हे तिचे साधे वाक्य त्या आकड्यातून आले आहे.

[दृश्य: कॉटचा कठडा वर होतो]

नातेवाइकांची पहिली मागणी बहुधा कठडे वर करण्याची असते. त्यामागची काळजी खरी आहे, पण भ्रमावस्थेतला रुग्ण कठड्यावरून पाय टाकतो आणि मग कॉटच्याही वरून खाली येतो. हात बांधून ठेवणे हा तर आमच्या मते उपाय नव्हेच. बांधलेला माणूस अधिक बिथरतो आणि न चालता राहिलेल्या पायांतले बळ काही दिवसांतच ओसरू लागते.

[दृश्य: रुग्णाची फाइल]

कोण पडेल याचा अंदाज घेण्यासाठी १९८९ साली परिचर्या क्षेत्रातील संशोधक जॅनिस मॉर्स यांनी मांडलेली सहा प्रश्नांची गुणपट्टी अनेक ठिकाणी भरली जाते. उपचार कसे करावेत याचे मार्गदर्शन देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेचे म्हणणे मात्र गुणांवरून भाकीत करण्याऐवजी प्रत्येक रुग्णाची नजर, औषधे, चाल, लघवीच्या तक्रारी, पादत्राणे आणि मनाची स्थिती तपासून त्यावर उपाय करायला सांगते. आम्हालाही हेच पटते, कारण फाइलमध्ये गुण लिहिल्याने कॉटखालची चप्पल बाहेर येत नाही.

[दृश्य: वॉर्डमधील फेरी]

या वॉर्डमध्ये त्यासाठी केलेला बदल दिसायला किरकोळ आहे. जेवणानंतर, झोपण्यापूर्वी आणि रात्री ठरावीक वेळी परिचारिका प्रत्येक वृद्ध रुग्णाकडे जाते आणि बेल वाजण्याची वाट न पाहता स्वतःच विचारते, “बाथरूमला जायचं का?” त्याच फेरीत बेल हाताशी येते, चष्मा जागेवर येतो, कॉट खाली घेतली जाते आणि सलाइनच्या नळीचा पायातला वेढा सुटतो. लघवी वाढवणारी गोळी शक्यतो सकाळी देण्याबाबत डॉक्टरांशी बोलणे होते, म्हणजे रात्रीची धावपळ कमी होते.

तरीही कोणी पडलेच, तर त्याला तडकाफडकी उचलायचे नसते. आधी शुद्ध, मान, पाठ आणि खुबा तपासायचा. पाय आखूड होऊन बाहेर वळलेला असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका घ्यायची. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना तातडीने कळवायचे आणि पुढचे काही तास वारंवार तपासणी करत राहायचे.

[दृश्य: दुपार, वॉकर घेतलेल्या आजी]

आज दुपारी फिजिओथेरपिस्टबरोबर आजी तेच अंतर चालत आहेत. न घसरणाऱ्या तळव्याच्या चपला पायांत आहेत, त्यांचे बंद घट्ट लावलेले आहेत. स्वच्छतागृहाच्या दारापाशी त्या थांबतात, एक हात वॉकरवर ठेवून दुसऱ्याने भिंत चाचपतात आणि दिव्याचे बटण शोधतात.