आठवणी गेल्या, तर माणूस तोच राहतो का?

मित्रहो, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एका मृत्युदंडाच्या प्रकरणात निकाल दिला. व्हर्नन मॅडिसन या माणसानं १९८५ साली अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात एका पोलिसाला गोळ्या घालून ठार मारलं होतं. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता. उतारवयात त्याला पक्षाघाताचे झटके आले, स्मृतिभ्रंश जडला, दृष्टी जवळजवळ गेली, आधाराशिवाय चालता येईना. त्याच्या वकिलांचं म्हणणं असं होतं, की ज्या गुन्ह्यासाठी याला मारायचं आहे तो गुन्हा याला आठवतच नाही.

न्यायालयात पाच विरुद्ध तीन असं मत पडलं. निकालपत्र न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिलं. त्यात त्या वाचणाऱ्यालाच विचारतात, अमेरिकेतलं यादवी युद्ध तुम्हाला आठवतं का? अर्थातच नाही. पण ते काय होतं हे तुम्ही नीट समजून घेऊ शकता. तेव्हा गुन्हा आठवत नाही, एवढ्यावरून शिक्षा टळत नाही. आपल्याला ही शिक्षा का होते आहे हे त्याच्या बुद्धीला उमगतं का, ते पाहा, असं सांगून त्यांनी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवलं. पुढच्याच वर्षी मॅडिसन तुरुंगात वारला.

मला या निकालपत्रातली ती यादवी युद्धाची ओळ अस्वस्थ करते. दुसऱ्यानं केलेली गोष्ट समजून घेणं आणि आपण केलेली गोष्ट आठवणं यांत फरक आहे, आणि इथे तो पुसला गेला आहे. मॅडिसनला त्याचा स्वतःचा गुन्हा इतिहासाच्या पुस्तकातल्या धड्यासारखा समजला, तर तेवढं पुरे, असं न्यायालय म्हणतं. ते खरंच पुरे आहे का? हा प्रश्न तत्त्वज्ञानात नेमका याच स्वरूपात १६९४ साली मांडला गेला. मांडणारा होता इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक. आजच्या व्याख्यानाचा मोठा भाग मी त्याच्यावर खर्च करणार आहे, कारण माझ्या मते या विषयात खरा प्रश्न त्यानं विचारला. उत्तर मात्र त्याला अर्धंच सापडलं.

लॉकच्या आधी काय होतं ते थोडक्यात सांगतो. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात सॉक्रेटिसचा अखेरचा दिवस आहे. विषाचा प्याला यायला थोडाच वेळ उरलाय आणि त्याचा जुना मित्र क्रिटो विचारतो, तुला कसं पुरायचं? सॉक्रेटिस म्हणतो, हवं तसं पुरा, पण मी तुमच्या हाती लागलो तर! मग तो हसून बाकीच्यांना सांगतो, दिवसभर एवढं बोललो तरी या क्रिटोला अजून वाटतं, की थोड्या वेळानं जे प्रेत दिसणार आहे तेच मी. देह म्हणजे मी नव्हे, आत्मा म्हणजे मी. पाश्चात्त्य विचारातली ही बाजू पुढे ख्रिस्ती धर्मानं उचलली, जरी त्या धर्माला देहाच्या पुनरुत्थानाचीही गरज होती. ॲरिस्टॉटलला ही फारकत मान्य नव्हती. डोळा हा जर प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा आत्मा झाला असता, असं तो म्हणतो. डोळा गेल्यावर दृष्टी वेगळी कुठे शिल्लक राहणार?

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं १६४१ साली प्लेटोची बाजू नव्या भक्कमपणे मांडली. मी विचार करणारं द्रव्य आहे, शरीर हे जागा व्यापणारं द्रव्य आहे, आणि दोन्ही मुळातच भिन्न. या सिद्धान्ताची मेख कुठे आहे ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात नेमकं दाखवलं एका चोवीस वर्षांच्या मुलीनं. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ. वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब हॉलंडमध्ये हेग इथे आश्रयाला. मे १६४३ मध्ये तिनं देकार्तला पत्र लिहून विचारलं, की आत्म्याला जर लांबी-रुंदी नाही, तर तो शरीराला हलवतो कसा? ढकलायचं तर स्पर्श हवा, आणि स्पर्शाला आकार हवा. देकार्तनं बरीच उत्तरं दिली. एका पत्रात तर त्यानं सुचवलं, की असल्या शुद्ध चिंतनाला वर्षातले थोडेच तास द्यावेत. एलिझाबेथ बधली नाही. १६४५ च्या ऑगस्टमध्ये तिनं जे लिहिलं ते मला पहिल्या प्रश्नापेक्षाही मोलाचं वाटतं. काही आजार असे असतात, ती म्हणते, की ते विचार करण्याची शक्तीच हिरावून घेतात. स्वतः वारंवार आजारी पडणाऱ्या बाईचं हे वाक्य आहे. विचार करणं हेच आत्म्याचं स्वरूप असेल, तर तापात किंवा म्हातारपणात ते जातं कुठे?

आता लॉक. त्याचा मुख्य ग्रंथ १६९० साली आला, पण 'स्व'वरचं प्रकरण त्यात नव्हतं. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूनं त्याला या विषयावर लिहायला सुचवलं आणि १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण आलं. पहिलं काम लॉक करतो ते असं, की 'तोच' या शब्दाची एकच फूटपट्टी सगळीकडे लावू नका, असं बजावतो. ओकचं रोपटं आणि पुढचा प्रचंड वृक्ष यांच्यात एकही कण तोच नसेल, तरी झाड तेच, कारण त्यातलं जीवन सलग चालू आहे. प्राणी म्हणून माणूसही तसाच. पण 'व्यक्ती' ही तिसरी गोष्ट. जो विचार करू शकतो आणि वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी 'तो मीच' असं स्वतःला ओळखू शकतो, तो व्यक्ती. ही ओळख होते जाणिवेनं. जाणीव मागे जिथवर पोचते, तिथवर व्यक्ती पोचते.

मग तो त्याचा गाजलेला दाखला देतो. एका राजपुत्राचा आत्मा, त्याच्या सगळ्या गतायुष्याच्या जाणिवेसह, एका चांभाराच्या देहात शिरला. शेजारीपाजारी त्याला चांभारच म्हणतील. पण राजपुत्राच्या कृत्यांचा जाब कोणाला विचारायचा? त्या चांभाराच्या देहातल्या राजपुत्राला. आत्म्याचं स्थलांतर एवढंच महत्त्वाचं असतं तर इथे आपण थांबलो असतो. पण लॉक लगेच उलट बाजूही दाखवतो. समजा, एखाद्या माणसाच्या ठायी सॉक्रेटिसचाच आत्मा आहे, पण सॉक्रेटिसच्या एकाही कृतीची त्याला जाणीव नाही. तर तो सॉक्रेटिस आहे का? लॉक म्हणतो, नाही. आत्मा तोच असला तरी नाही.

हा घाव किती खोल आहे पाहा. आत्मा एकच की अनेक, जड की अजड, या वादात लॉक कोणाचाच पक्ष घेत नाही. त्या प्रश्नाचा निकाल काहीही लागो, 'मी कोण'चं उत्तर त्यावर अवलंबून नाही, एवढंच तो सांगतो. पुनर्जन्म मानणाऱ्या आपल्या समाजात तर हे वाक्य शंभरदा वाचावं. मागच्या जन्मीचं काहीच आठवत नसेल, तर त्या जन्मीच्या पापाची शिक्षा आज भोगणाऱ्याला न्याय मिळाला असं म्हणता येईल का? जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सनंही १६८६ साली असाच प्रश्न विचारला होता. तुला चीनचा राजा करतो, पण अट अशी की आजवरचं सगळं विसरायचं. मग तुला नष्ट करून त्याच क्षणी चीनमध्ये एक राजा निर्माण केला, यात आणि त्यात तुझ्या दृष्टीनं फरक काय?

'व्यक्ती' ही न्यायनिवाड्याची संज्ञा आहे, असं लॉक स्पष्ट लिहितो. कृत्य कोणाच्या नावावर मांडायचं आणि उद्याच्या सुखदुःखाची काळजी कोणी वाहायची, यासाठी ती आहे. आणि इथेच तो अडचणीत येतो. दारूच्या नशेत केलेलं कृत्य शुद्धीवर आल्यावर आठवत नाही, मग शिक्षा का? लॉकचं उत्तर असं, की आठवत नाही हे न्यायालयात सिद्ध करता येत नाही म्हणून. कृत्य सिद्ध झालेलं असतं, विस्मरण सिद्ध होत नाही. ख्रिस्ती श्रद्धेतल्या शेवटच्या निवाड्याच्या दिवशी सगळ्यांची मनं उघडी होतील तेव्हा ज्याला ज्याची जाणीव नाही त्याचा जाब त्याला द्यावा लागणार नाही. मॉलिन्यूला हे पटलं नाही. पिणं हाच मुळात अपराध आहे, असं त्यानं कळवलं. मॅडिसनच्या बाबतीत तर लॉकची पळवाटही बंद आहे, कारण मेंदूची हानी आज डॉक्टर दाखवू शकतात.

लॉकवरचा सर्वांत प्रसिद्ध आक्षेप स्कॉटलंडच्या थॉमस रीडचा, १७८५ सालचा. एका मुलाला फळबागेत चोरी केली म्हणून शाळेत फटके बसले. पुढे तो अधिकारी झाला आणि पहिल्याच मोहिमेत शत्रूचं निशाण हिसकावून आणलं. म्हातारपणी सेनापती झाला. निशाण आणताना त्याला फटके आठवत होते. सेनापती झाल्यावर निशाण आठवतं, फटके मात्र साफ विसरले. लॉकच्या हिशेबानं मुलगा आणि अधिकारी एक, अधिकारी आणि सेनापती एक, पण मुलगा आणि सेनापती एक नाहीत. हे कोणाच्याच गळी उतरणार नाही. बिशप बटलरनं त्याआधीच, १७३६ मध्ये, सांगून ठेवलं होतं, की आठवण 'माझी' ठरायला आधी मी असावा लागतो. आठवणीतून मी कसा बनणार?

डेव्हिड ह्यूमनं १७३९ मध्ये तर पायाच काढून घेतला. मी स्वतःच्या आत डोकावलो, तर तिथे ऊन किंवा थंडी, उजेड किंवा सावली, प्रेम किंवा द्वेष यांपैकी काहीतरी सापडतं. त्यांच्याखेरीज 'मी' कधी हाती लागत नाही. तो लॉकलाही विचारतो: १ जानेवारी १७१५, ११ मार्च १७१९ आणि ३ ऑगस्ट १७३३ या दिवशी आपण काय केलं, काय विचार केला, हे कोण सांगू शकेल? म्हणून त्या दिवशीचा माणूस वेगळा होता का? पण ह्यूमबद्दल मला आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीमुळे. वर्षभरानं, १७४० साली, त्यानं परिशिष्ट जोडलं आणि लिहिलं, की या प्रश्नात मी चक्रव्यूहात सापडलो आहे. या सुट्या अनुभवांना एकत्र बांधणारं काय, हे त्याला सांगता येईना.

विसाव्या शतकात डेरेक पारफिटनं १९८४ मध्ये यातून वेगळाच मार्ग काढला. तोच की वेगळा, हा प्रश्नच फारसा महत्त्वाचा नाही. आठवणी, इच्छा, स्वभाव यांचे दुवे कमीजास्त असतात आणि महत्त्व त्या दुव्यांना आहे. हे उमगल्यावर आपण काचेच्या बोगद्यातून मोकळ्या हवेत आलो, असं त्यानं लिहिलंय. बुद्धाला हे मान्य झालं असतं, असंही तो म्हणतो. मला पारफिट वाचताना धीर येतो, पण एक गोष्ट खटकते. त्याच्या उदाहरणांतला माणूस मला एकटाच वाटतो. मंगळावर पाठवला जाणारा, दोन भागांत विभागला जाणारा, पण तो कोणाचा बाप आहे, कोणाची बहीण आहे, याला तिथे फारसं वजन नाही.

ही उणीव ॲनेट बायर या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या तत्त्वज्ञ बाईंनी १९८५ मध्ये भरून काढायला सुरुवात केली. व्यक्ती म्हणून जगण्याची कला आपण दीर्घकाळ दुसऱ्यांवर अवलंबून राहूनच शिकतो, म्हणून व्यक्ती ही मुळातच कोणासाठी तरी 'तू' असते, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, लॉकच्या उत्तराचा राहिलेला अर्धा भाग इथे आहे. रीडच्या सेनापतीला फटके आठवत नसतील, पण त्याच्या बहिणीला आठवतात, आणि ती त्याला ते सांगू शकते.

हा पंडितांचा खेळ राहिलेला नाही. १९९१ साली एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं अल्झायमर झालेल्या एका बाईंविषयी लिहिलं. पुस्तकातली खूण मागेपुढे कुठेही असली तरी त्या आनंदानं वाचायच्या, रोज तेच चित्र काढायच्या, आणि त्याला भेटलेल्या सर्वांत सुखी माणसांपैकी त्या एक होत्या. रोनाल्ड ड्वॉर्किन या कायदेतज्ज्ञानं १९९३ मध्ये त्यावरून विचारलं: शुद्धीत असताना त्यांनी 'मला असा आजार झाला तर उपचार करू नका' असं लिहून ठेवलं असतं, तर आज कोणाचं ऐकायचं? ड्वॉर्किनचं उत्तर होतं, आधीच्या बाईंचं. नेदरलँड्समध्ये २०१६ साली हे प्रत्यक्षात घडलं. दयामरणाची लेखी इच्छा देऊन ठेवलेल्या ७४ वर्षांच्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला डॉक्टरांनी कॉफीतून गुंगीचं औषध दिलं. शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी त्या उठू लागल्या तेव्हा घरच्यांनी त्यांना धरून ठेवलं. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांच्या बाजूनं निर्वाळा दिला. मला तो निकाल पचत नाही. उठू पाहणारी बाईही कोणीतरी होती, आणि तिला विचारलं गेलं नाही.

आपल्याकडे कायदा इतका पुढे जात नाही. ९ मार्च २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं लिव्हिंग विलला, म्हणजे उपचारांविषयी आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला, मान्यता दिली, ती बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवण्यापुरती. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही चालते. त्या कागदावर आपल्या वतीनं निर्णय देणाऱ्या पालकाचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहावं लागतं. कायद्यानं हे नाव व्यवहाराची सोय म्हणून मागितलं असेल, पण लॉकला जे सुचलं नाही ते त्या एका ओळीत आहे. तुमच्यापैकी जे हा कागद करणार असतील त्यांनी त्या माणसाला कोणते उपचार नकोत एवढंच सांगून थांबू नये. पुढे कधी मी सगळं विसरलो, तरीही रोज तेच चित्र रंगवत मजेत बसलेलो दिसलो, तर माझ्या सहीचं ऐकायचं की समोर बसलेल्या माझं, हेही त्याच्याशी बोलून ठेवावं.