काठावरून परतणारी लाट

(दृश्य: सकाळचा सुरसागर, बडोद्यातला तलाव. दगडी काठाजवळ खडा पाण्यात पडतो.)

खडा पडला, वर्तुळं उठली. इथवर सगळेच पाहतात. आता नजर काठावर ठेवा. वर्तुळ दगडाला भिडतं आणि माघारी फिरतं. येणारी आणि फिरलेली लाट एकमेकींवर चढतात, म्हणून उभ्या काठालगत पाणी जवळजवळ दुप्पट उसळतं. थोडं आत तरंगणारं पिंपळाचं पान मात्र, वारा नसेल तर, जागच्या जागी वरखाली होतं. पाणी फारसं सरकत नाही, पुढे जाते ती ऊर्जा. दगड ती गिळत नाही, परत पाठवतो.

(दृश्य: तरणतलाव. पोहणाऱ्याचा वरून घेतलेला शॉट.)

१०० मीटर ५५-५६ सेकंदांत कापणाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण १.८ मीटर. त्याच्याबरोबर त्याच वेगानं चालणाऱ्या लाटेची लांबी, एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत, सुमारे २.१ मीटर भरते. हात पुढे ताणलेला माणूसही जवळपास तेवढाच लांब! डोक्यापुढे एक उंचवटा, पायांपाशी दुसरा, मधल्या खळग्यात शरीर. याहून जोरात जायचं तर स्वतःच उठवलेला चढ चढावा लागतो.

पाण्याखाली हा चढ उरत नाही. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर पाण्याची हालचाल पृष्ठभागाच्या अवघी ४ टक्के राहते. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफनं १०० मीटर बॅकस्ट्रोकचे सुरुवातीचे तीसहून अधिक मीटर डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून शेपटीसारखे) मारत पाण्याखालूनच कापले. जपानच्या दाइची सुझुकीनंही बराच पल्ला तसाच गाठला आणि सुवर्णपदक जिंकलं. मग पाण्याखालच्या पल्ल्यावर मर्यादा आली: आधी १० मीटर, नंतर १५.

(दृश्य: काठावरची जाळी, जवळून.)

मोठ्या स्पर्धेचा तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद. अडीच मीटरच्या दहा लेन. पोहतात आठ जण. दोन्ही कडांच्या लेन मोकळ्या राहतात, भिंतीवरून फिरलेली लाट तिथंच विरावी म्हणून. काठाला ओव्हरफ्लोची नाली असते. पाणी काठोकाठ भरलेलं असलं की लाट नालीत सांडते आणि संपते. पातळी चार बोटं उतरली, की नाली कोरडी पडते आणि तोच काठ सुरसागरच्या दगडासारखा वागू लागतो. स्पर्धेच्या सकाळी सर्वांत आधी हीच पातळी पाहावी. घड्याळं, माईक नंतर.

(दृश्य: लेनची दोरी. चकत्या फिरताना, संथ गतीत.)

खरं काम ही दोरी करते. आत स्टीलची तार, तिच्यात ओवलेल्या ५ ते १५ सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या चकत्या. लाट येते, चकत्या गरगरतात, पात्यांमधून जाणारं पाणी बारीक भोवऱ्यांत मोडतं. भोवरे दूर जात नाहीत, जागीच शमतात.

बिघाड बहुतेक वेळा ताणात असतो. तार सैल असली की दोरी नागमोडी होते, लाटेबरोबर डोलते. डोलणारी दोरी लाट मोडत नाही, शेजारच्या लेनमध्ये जाऊ देते. म्हणून सगळ्या दोऱ्या पाण्यात सोडल्यावर टोकाच्या ताणणीवर त्या एकेक करून आवळायच्या. काठावर उभं राहून दोरीच्या रेषेत पाहायचं: ती सरळ दिसली की थांबायचं. हट्टानं आणखी पिळलं तर भिंतीतला हुक ढिला होतो, नाहीतर तार तुटते, आणि तुटलेली तार चाबकासारखी उसळते. ताण देताना तिच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

मग चकत्यांवरून हात फिरवायचा. क्षार बसून एखादी अडकली असेल तर ती फिरणार नाही; ब्रशनं घासून मोकळी करायची. फुटलेल्या चकत्यांच्या जागी फट राहिली, तर लाट नेमकी तिथून निसटते.

(दृश्य: दोऱ्या रिळावर गुंडाळल्या जात आहेत.)

शर्यत संपली की दोऱ्या रिळावर घेऊन सावलीत ठेवायच्या. बडोद्याच्या मे महिन्यातलं ऊन प्लास्टिकला ठिसूळ करतं, आणि ठिसूळ चकती पुढच्या ताणालाच तडकते.