पळू नका, जॉगिंग करा

मागे ऐकू येतंय का? बरं. मला पाऊण तास दिलाय आणि विषय आहे रनिंग आणि जॉगिंगमधला फरक. खरं तर मीच मागून घेतलाय तो, कारण आपल्या रनिंग ग्रुपमध्ये हल्ली कुणाला "काय, आज जॉगिंग का?" असं सहज विचारलं तरी समोरच्याचा चेहरा असा होतो की जणू त्याच्या खानदानावर गेलो. "नाही नाही, ईझी रन होता." बरं बाबा, ईझी रन.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, नंतर वेळ उरेल याची खात्री नाही. इथे बसलेल्या बहुतेकांना पळता येतं, जॉगिंग येत नाही, आणि जॉगिंग येत नाही म्हणूनच पळणं सुधारत नाही. का ते शास्त्रासकट सांगणार आहे. पण त्याआधी पाटीचा किस्सा, ज्यांनी ऐकलाय त्यांनी मोबाईल बघा.

आमच्या घराजवळ एक बाग आहे, नाव घेत नाही. तिथे मातीचा गोल ट्रॅक आहे आणि गेटवर मोठी पाटी, ‘जॉगिंग ट्रॅक’, आणि त्याच पाटीवर खाली नियम नंबर चार, ‘ट्रॅकवर पळण्यास सक्त मनाई आहे’. आता पुणेकर पाटी वाचून सोडून देत नाही, तो पाटीशी भांडतो. पण मी भांडलो नाही, मी आपला सकाळी सहाला शिरलो आणि सुरू झालो. दुसऱ्या राउंडला वॉचमन मामा आडवे. "साहेब, पळायचं नाही." म्हटलं, पळत कुठे होतो, जॉगिंग करतोय. "नाही, तुम्ही पळताय. ते बघा, ते काका जॉगिंग करतायत." मी बघितलं तर ते काका चालत होते हो! हात कोपरात वाकवलेले, पांढरे बूट, कानाला मफलर, पण चालत होते. मी विचारलं, मामा, पळणं कुठे सुरू होतं ते तरी सांगा, मी त्याच्या अलीकडे राहतो. मामांनी विचार केला, आणि काय सांगितलं माहितीये? "मागे माती उडाली की पळणं." (हशा)

हसू नका, एवढी नेमकी व्याख्या मला मोठमोठ्या कोचनी दिलेली नाही. मी घरी येऊन अर्ज केला, सुशिक्षित माणूस काय करणार दुसरं. की कृपया जॉगिंग आणि पळणे यातील फरक कळवावा, वेगमर्यादा असल्यास तीही कळवावी. बरेच दिवसांनी उत्तर आलं, ‘धावण्यामुळे ट्रॅकची माती निघते व चालणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना त्रास होतो, सबब मनाई कायम.’ म्हणजे व्याख्या मामांचीच, फक्त वर जावक क्रमांक.

तर सांगायचं काय, की जॉगिंग म्हणजे काकांचा प्रकार, रिटायर माणसांचा, ही समजूत पाटी लावणाऱ्यांचीही आहे आणि आपल्या ग्रुपचीही. आणि गंमत म्हणजे जगभर जॉगिंगचं हे जे वेड पसरलं ते पसरवलं कुणी, तर जगातले सगळ्यात फास्ट पळणारे घडवणाऱ्या माणसांनी. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड. हा माणूस बुटांच्या फॅक्टरीत काम करायचा, आणि आजूबाजूची पोरं हाताशी धरून त्याने शिकवलं. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्याच्या तालमीतल्या पीटर स्नेलला ८०० मीटरचं गोल्ड, मरे हॅल्बर्गला ५००० मीटरचं गोल्ड, आणि बॅरी मॅगीला मॅरेथॉनचं ब्राँझ. ८०० मीटरवाल्या स्नेलला हा रविवारी डोंगरातल्या रस्त्यांवर २२ मैल पळवायचा, म्हणजे ३५ किलोमीटर. आपल्याकडे ८०० मीटरवाल्या पोराला कोणी ३५ पळवलं तर पोराचे वडील ग्राउंडवर येतील. आता कोणी हात वर करायच्या आत सांगतो, ते जॉगिंग नव्हतं, चांगल्या पेसचं पळणं होतं, पण दम तोडणारं नव्हतं. आणि याच माणसाने १९६२ मध्ये ऑकलंडमध्ये जॉगर्स क्लब काढायला मदत केली, आणि सामान्य, सुटलेल्या पोटाच्या, हार्ट अॅटॅक येऊन गेलेल्या लोकांनासुद्धा हळूहळू पळायला लावलं. हार्ट अॅटॅकनंतर विश्रांती घ्या म्हणायचा तो काळ.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या ओरेगनचे कोच बिल बॉवरमन तिकडे गेले. पुढे नाइकीचे सहसंस्थापक झाले तेच, बायकोच्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून बुटाचा सोल करणारे. साचा कायमचा गेला. माझ्या घरी आप्पेपात्राला मी हात लावून दाखवावा. तर रविवारी सकाळी लिडियार्ड त्यांना म्हणाले, चला आमच्या लोकांबरोबर. बॉवरमन पन्नाशीचे, ऑलिम्पिकची पोरं घडवणारा माणूस, वाटलं असेल की ही आजोबा मंडळी, होऊन जाईल. टेकडी लागली आणि हे मागे पडले, आणि सत्तरी ओलांडलेले, हार्ट अॅटॅक झेललेले एक गृहस्थ त्यांच्यासाठी वेग कमी करून, गप्पा मारत शेवटपर्यंत सोबत राहिले. बॉवरमन परत आले ते हाच विचार डोक्यात घेऊन. गावातल्या लोकांचे जॉगिंगचे वर्ग सुरू केले, एका हृदयरोगतज्ज्ञाला बरोबर घेतलं, १९६७ मध्ये दोघांचं पुस्तक आलं आणि बघता बघता अमेरिका रस्त्यावर उतरली. पुढे तिकडची फॅशन इकडे आली, बांद्र्याला जॉगर्स पार्क झालं, आणि आमच्या बागेला पाटी लागली.

किती झाली? पंधरा मिनिटं? बापरे. साडेअकराला हॉलमध्ये साखरपुडा आहे म्हणतायत, नवरीकडचे बाहेर उभेही आहेत, त्यामुळे मुख्य विषय आता पटापट.

एक, पायांकडे बघितलं तर फरकच नाही. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, पळताना क्षणभर दोन्ही हवेत, आणि जॉगिंगमध्येसुद्धा दोन्ही हवेतच असतात, थोडा कमी वेळ. म्हणून चालण्याच्या शर्यतीत पाय सुटलेला दिसला की पंच कार्ड दाखवतात, पण जॉगिंग आणि पळणं वेगळं करणारा पंच नाही, आमचे मामा सोडले तर. कॅलरीचंही तेच, ढोबळमानाने एका किलोमीटरला एका किलो वजनामागे एक कॅलरी, हळू पळा नाहीतर जोरात. सत्तर किलोच्या माणसाच्या पाच किलोमीटरच्या साडेतीनशे. नंतरची मिसळ, वरचा पाव, आणि तो दुसरा पाव, हिशोब आपापला.

दोन, वेगाने ठरवायचं म्हटलं तर कुणाचा वेग? आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेने २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८ मिनिटं ९.९१ सेकंदात मारली, म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ४३ सेकंद, तेही २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या घेत. तुमचा जीव काढणारा साडेपाचचा पेस, म्हणजे किलोमीटरला साडेपाच मिनिटं, त्याच्यासाठी वॉर्मअप आहे. आणि त्याला कशाला मध्ये आणायचं, तुमचाच सातचा पेस जानेवारीच्या थंडीत आरामात निघतो आणि मे महिन्यात तळजईच्या टेकडीवर तोच सातचा पेस घाम काढतो, ठोके वर जातात, कारण शरीराला पळवण्याबरोबर थंडही ठेवायचंय. घड्याळ तर दोन्ही दिवशी सातच दाखवणार. एक दिवस जॉगिंग, एक दिवस रनिंग, आकडा तोच.

तीन, आणि हेच सांगायला आलो होतो. फरक श्वासात आहे. हळू पळताना स्नायूंना लागणारा ऑक्सिजन पुरतो, लॅक्टेट, म्हणजे साखर जाळताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ, तयार होतं ते तिथल्या तिथे वापरलंही जातं, चरबी जळण्याचा वाटा मोठा असतो, आणि असे तास साठले की स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशींतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, वाढतात, म्हणजे इंजिनच मोठं होतं. एका मर्यादेपुढे लॅक्टेट साठायला लागतं, श्वास तुटतो, मग ते पळणं. दोन्ही लागतं. पण दमवणारं पळणं आठवड्यात एकदा, फार तर दोनदा झेपतं, बाकी सगळं हळू. बहुतेक मोठे रनर असंच करतात, त्यांचे बरेचसे किलोमीटर त्यांच्या मानाने सावकाश असतात. आपण काय करतो? रोज मधल्याच कुठल्यातरी पेसला, ना धड हळू ना धड जोरात, कारण स्ट्रावा या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपवर साडेसातचा पेस दिसला तर ऑफिसमधली पोरं काय म्हणतील. मग मंगळवारी इंटरव्हलला, म्हणजे जोरात-हळू आलटून पालटून पळताना, पाय उचलत नाहीत, आणि डिसेंबरच्या मॅरेथॉनला ३२ किलोमीटरनंतर चालत येतो आणि दोष पाणी देणाऱ्या पोरांना.

टेस्ट सोपी आहे, घड्याळ नको. पळता पळता शेजारच्याला सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल पूर्ण तक्रार सांगता आली, मेंटेनन्स, पार्किंग, टाकीचं पाणी सगळं, तर जॉगिंग. "सेक्रेटरी..." म्हणून थांबावं लागलं तर पळताय, वेग कमी करा. चढ आला तर चाला, टेकडीवर चालल्याने कोणी नाव कापत नाही.

हो हो, थांबतो. गुडघ्यांचा मुद्दा राहिला, तो चहाला विचारा. पुढच्या रविवारपासून महिनाभर लाँग रनला घड्याळं माझ्या पिशवीत जमा करायची, ज्यांना जमणार नाही त्यांनी वेगळा ग्रुप करा, माझी काही तक्रार नाही. आणि खुर्च्या आपणच उचलायच्यात, साखरपुडावाल्यांनी सांगितलंय.